चार नंबरच्या दारापाशी यावं

माईकबाई कमी बोलतात, हे त्या उपनगरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. फुटबॉलच्या मैदानावर माईकवर पुकारायची नोकरी, आणि तोंड उघडायचं म्हणजे बाईंच्या जिवावर यायचं. इतर मैदानांवरचे पुकारणारे गोल झाला की घसा फोडतात, खेळाडूच्या नावाचं शेपूट मिनिटभर लांबवतात. माईकबाई गोल कुणी केला ते एका श्वासात सांगणार आणि बटण बंद. 'बाईंच्या पगारातून शब्दामागे कापतात,' असं मैदानावरचा गवतवाला सांगत फिरायचा, आणि नव्या माणसाला ते खरंही वाटायचं.

खरं कारण वेगळं होतं. बाई माईकवर बोलल्या की समोरच्या पूर्वेच्या स्टँडमध्ये एक गृहस्थ उठायचे.

आता सामन्याला आलेली माणसं उठणारच. कुणाला लघवीला जायचं असतं, कुणाला चहा हवा असतो, कुणाला आपल्या संघाचा खेळ बघवत नसतो. पण हे गृहस्थ उठायचे ते पुकारा संपल्या संपल्या. राखाडी कोट, डोक्यावर विरळ केस. उठायचे, माईकच्या खोलीकडे बघून हसायचे, हात वर करायचे आणि शेजाऱ्यांचे गुडघे चुकवत, अंग चोरत रांगेतून बाहेर पडायचे. पुढे जिन्यात दिसेनासे व्हायचे. एकतीस वर्षं हे चाललं होतं. नऊ वर्षांपूर्वी क्लबने पूर्वेचा स्टँड पाडून नवा बांधला, जुन्यापेक्षा हातभर उंच, लाकडी बाकांच्या जागी निळ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या. बाईंना वाटलं, सुटले एकदाची. पहिल्याच सामन्याला त्यांनी संघांची नावं वाचली आणि काचेतून पाहिलं, तर गृहस्थ उठलेच. फक्त ते अजून जुन्या बाकाच्या उंचीवर होते. गुडघ्यांपर्यंत खुर्च्यांत बुडालेले, तसेच चालत गेले. त्या दिवशी बाईंनी बदली खेळाडूंची नावं पुकारलीच नाहीत, आणि त्याबद्दल वर्तमानपत्रात कुणाचं तरी तक्रारीचं पत्र आलं.

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, घरी धाकट्या बहिणीलाही नाही. धाकटीपासून काही लपवायचं म्हणजे खायचं काम नव्हतं. चाळीस वर्षं इस्पितळात नर्स होती ती. चेहरा बघून ताप सांगणारी बाई. दोघी बहिणी दोन खोल्यांच्या घरात राहायच्या, एकमेकींच्या चुका काढायच्या आणि एकमेकींवाचून त्यांचं पान हलत नसे. शनिवारी थोरली सामन्याहून आली की धाकटी एकदा तिच्या तोंडाकडे बघायची आणि काही न विचारता चहात साखर जास्त घालायची.

या वर्षी क्लबला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती, आणि मैदानाचा इतिहास छापायचं चिटणीसाने मनावर घेतलं. चिटणीस म्हणजे चाळिशीचा घायकुता माणूस, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात दुसरा फोन. तो माईकच्या खोलीत आला आणि म्हणाला, "मावशी, हे काम तुमचंच. तुमच्याइतकी जुनी इथे फक्त ती पाण्याची टाकी आहे, आणि तिला लिहिता येत नाही."

"आधी टाकीला विचारून बघ," बाई म्हणाल्या. पण काम त्यांनी घेतलं.

पश्चिमेच्या स्टँडच्या माथ्यावर त्यांची ती खोली. एका भिंतीला काच, दुसऱ्या भिंतीला हरवलेल्या वस्तूंचं कपाट, मधे टेबल आणि टेबलावर माईक. रोज दुपारी माईक बाजूला सारून त्या लिहायला बसू लागल्या. कागदावर मात्र बाई भडाभडा बोलल्या. मैदानाच्या जागी आधी वीटभट्टीची माती काढलेला खड्डा होता. भट्टीवरचे मजूर जेवणाच्या सुट्टीत त्यात चेंडू लाथाडायचे आणि बघे कडेला पाय सोडून बसायचे. तोच पहिला स्टँड. मग भाजताना फुटलेल्या विटांचा भराव घालून कडा उंच केल्या. लढाईच्या वर्षांत सैन्याने मैदान ताब्यात घेतलं, गोलखांबांना दोर बांधून तंबू वाळत घातले, आणि परत देताना चिखलात रुतलेला एक ट्रक भेट म्हणून मागे ठेवला. पुढे तिथे काय काय झालं नाही! स्टँडखालच्या हॉलमध्ये परीक्षा झाल्या, मतदान झालं, साथीच्या दिवसांत लशी टोचल्या. गाड्या लावायच्या जागेत दर रविवारी जुन्या सामानाचा बाजार आणि दर मंगळवारी गाडी चालवायची परीक्षा. अर्धं उपनगर तिथल्या एकाच खांबाला धडकून नापास झालेलं आहे. वरच्या हॉलमध्ये लग्नाच्या मेजवान्या होत, आणि त्यातल्या निम्म्या नवरदेवांचं लक्ष खिडकीतून सामन्याकडे असे.

मग बारा वर्षांपूर्वीचा पूर. एकोणीस दिवस दोन हजार माणसं दोन्ही स्टँडमध्ये झोपली. पंचांच्या खोलीत एक मुलगी जन्मली. बाईंनी एकोणीस दिवस माईकवर ताटातूट झालेल्यांची नावं वाचली, कुणाची आई, कुणाचा भाऊ, आणि शेकड्यांनी माणसं एकमेकांना सापडली. पुढे क्लबने सत्कार केला तेव्हा बाई ओक्साबोक्शी रडल्या, आणि लोक म्हणाले, बघा, किती हळवी बाई. प्रत्येक नावाला ते गृहस्थ उठले होते. एकोणीस दिवस, झोपलेल्या बायकापोरांमधून वाट काढत, दर वेळी तेच हसत आणि तोच हात वर करत. हे अर्थात बाईंनी कागदावर उतरवलं नाही.

सगळं लिहून झालं आणि एक वर्ष राहिलं. त्या वर्षापुढे बाईंनी लिहिलं, 'या वर्षी चार नंबरच्या दारापाशी दुर्घटना होऊन चौघांचा मृत्यू झाला.' पुढे पेन चालेना. कागद सोमवारी छापखान्यात जायचे होते.

बुधवारी दुपारी दारावर टकटक झाली. पन्नाशीला टेकलेली एक बाई आत आली, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. पुलापलीकडच्या चष्म्याच्या दुकानात काम करते, असं तिने सांगितलं. बाईंनी खुर्ची पुढे केली, पण ती खुर्चीच्या कडेवरच टेकली.

"जुन्या आठवणी पाठवा, अशी क्लबची नोटीस वाचली," ती म्हणाली. "मी उलटं सांगायला आलेय. माझ्या वडिलांचं नाव पुस्तकात घालू नका."

"कोण वडील?"

"चार नंबरच्या दारापाशी चौघं गेले ना, त्यातली तिघं तुमच्या क्लबची माणसं. चौथे माझे बाबा."

 माईकबाई एकतीस वर्षं त्या माणसाला बघत होत्या. त्याला लेक असेल हे त्यांनी कधी मनात येऊ दिलं नव्हतं.

"त्यांची जागा पूर्वेच्या स्टँडमध्ये," चष्मेवाली सांगू लागली. "वीस वर्षं तीच जागा. आणि चार नंबरचं दार इकडे पश्चिमेला. चौकशीच्या अहवालात लिहिलंय, हा प्रेक्षक तिथे का गेला ते समजत नाही. आईला मात्र लगेच समजलं. बाबांच्या शेजारी बसणारे एक काका अंत्यविधीला आले होते. भाबडा माणूस. म्हणाले, सामना ऐन रंगात आला आणि हा उठला, समोर कुणाकडे तरी बघून हसला, हात केला आणि गेला. झालं! आईच्या डोक्यात बसलं की समोर कुणीतरी बाई होती. तिने तिकडून खुणावलं आणि हे हसत हसत गेले. मी तेव्हा सतरा वर्षांची. त्या दिवसापासून आमच्या घरात बाबांचा फोटो नाही, त्यांचं नाव काढायचं नाही. आता त्यांचं नाव आणि ते दार एका ओळीत छापून आलं तर आई अन्न सोडेल."

"तुम्हाला स्वतःला काय वाटतं?" बाईंनी कसंबसं विचारलं.

"मला?" ती हसली. "बाबा आईला इतके घाबरायचे की दुसरी बाई सांभाळणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. पण मग ते तिकडे गेले कशाला, याचं उत्तर मलाही आजवर सापडलेलं नाही. माणूस चांगला होता असं छातीठोकपणे म्हणता येत नाही हो. नेहमी मधे 'पण' येतो."

आता सांगावं, असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं. "नाव घालणार नाही," एवढंच त्या म्हणाल्या. चष्मेवालीने आभार मानले, पुस्तक आधी मला दाखवाल का म्हणून घरचा पत्ता लिहून दिला आणि गेली. बाई कितीतरी वेळ त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिल्या. स्वतःची इतकी किळस त्यांना कधी आली नव्हती.

ते गृहस्थ तिकडे का गेले, हे जगात एकट्या बाईंना ठाऊक होतं.

आठ हजार माणसं बसलेली असताना माईकवर 'आग' हा शब्द उच्चारायचा नसतो. आगीपेक्षा पळापळीत जास्त माणसं मरतात. म्हणून एक वाक्य ठरवून ठेवलेलं असतं, साधंसुधं, जे ऐकून प्रेक्षक निवांत चहा पीत राहतात आणि क्लबची माणसं काय ते समजून धावतात. त्या काळी इथलं वाक्य होतं, 'डॉक्टरांनी अमुक नंबरच्या दारापाशी यावं.' एकदा सरावासाठी ते पुकारलं, तर दोन खरे डॉक्टर, एक दातांचा आणि एक गुरांचा, असे चौघं धापा टाकत हजर झाले. व्यवस्थापकाने कपाळावर हात मारला आणि बाईंना सांगितलं, सोमवारपर्यंत नवं वाक्य काढा. हरवलेल्या वस्तूचं असेल तर उत्तम. फक्त ती वस्तू खरी कुणाची नसली म्हणजे झालं.

बाईंना फार विचार करावा लागला नाही. वाक्य जसं काही जिभेवरच होतं: 'काळी छत्री सापडली आहे, लाकडी मूठ, मुठीला तडा. ज्यांची असेल त्यांनी अमुक नंबरच्या दारापाशी यावं.' पावसाचे दिवस सरले होते. छत्री घेऊन येणार कोण? व्यवस्थापक खूश झाला. म्हणाला, ते मुठीचं फार छान, अगदी खरं वाटतंय.

खरंच होतं ते. आदल्या आठवड्यात राखाडी कोटातले एक गृहस्थ हरवलेल्या वस्तूंची चौकशी करायला आले होते. काळी छत्री, लाकडी मूठ, मुठीला तडा. बाईंनी कपाट उघडून दाखवलं, त्यात नव्हती. "सापडली तर पुकारीन," त्या म्हणाल्या. "नक्की पुकारा हं, मी कान लावून बसतो," गृहस्थ म्हणाले. अशी दिवसाला वीस माणसं यायची. बाई माणूस विसरल्या. त्याचे शब्द तेवढे तोंडात राहिले, आणि ते आपल्याच डोक्यातून आले असं त्यांना वाटलं.

त्या शनिवारी चार नंबरच्या जिन्याखालच्या विजेच्या खोलीतून धूर आला. व्यवस्थापकाचा फोन आला आणि बाईंनी ते वाक्य पुकारलं, गोड, शांत आवाजात. क्लबची तीन माणसं निघाली. आणि समोर पूर्वेला राखाडी कोट उठला, हसला, त्याने हात वर केला. कबूल केल्याप्रमाणे पुकारलंत, आभारी आहे, असा तो हात होता. त्या क्षणी बाईंना सगळं आठवलं.

मैदानाला अर्धा वळसा घालायला तीन मिनिटं लागतात. तीन मिनिटं बाईंचं बोट बटणावर होतं. पण नियम होता: ते वाक्य एकदा पुकारलं की व्यवस्थापक सांगेपर्यंत माईकवर अवाक्षर काढायचं नाही. बाई तेव्हा पस्तिशीच्या, नोकरी नवी, नियमाला जपणाऱ्या. शिवाय वाटलं, दारावरचा कुणीतरी त्यांना मागे परतवेलच. कोपऱ्यातल्या झेंड्यामागून कोट गेलेला दिसला. मग दिसेनासा झाला. मग स्फोट झाला.

चौकशीत बाईंना कुणी काही विचारलं नाही. ते वाक्य गुप्त आहे, गुप्तच राहू दे, असं व्यवस्थापकाने बजावलं, आणि बाई मूग गिळून बसल्या. आपण एका माणसाचा जीव घालवला, हे ओझं त्या एकतीस वर्षं वाहत होत्या. वर त्याची अब्रूही घालवली, हे बुधवारी कळलं.

शनिवारी ऊन चांगलं होतं आणि स्टँड भरले होते. बाईंनी दोन्ही संघांची नावं वाचली. समोर गृहस्थ उठले, हसले, हात केला, आणि गुडघाभर खुर्च्यांतून चालू लागले. बाईंनी माईक बंद केला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा सामना सोडून त्या खोलीतून उठल्या. पश्चिमेचा जिना उतरून त्या चार नंबरच्या दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

ते दार आता वापरात नव्हतं. मोडक्या खुर्च्या, गोलची जुनी जाळी, रंगाचे वाळलेले डबे, असं सगळं तिथे लोटलेलं. विजेची खोली विटांनी चिणून टाकली होती. डोक्यावर आठ हजार माणसांचा गलका, आणि इथे माणूस नाही. तीन मिनिटं लागतात, बाई मनात म्हणाल्या आणि घड्याळ बघत राहिल्या.

तिसऱ्या मिनिटाला दारावरचा कर्णा खरखरला आणि त्यातून त्यांचाच आवाज आला. 'जिन्यात उभं राहू नये. मुलांचा हात सोडू नये. काही लागलं तर दारावरच्या माणसाला विचारावं.' नेहमीच्या सूचना क्लबने दोन वर्षांपूर्वी बाईंच्या आवाजात भरून घेतल्या होत्या. काचेआड बसून बाईंनी आपला आवाज बाहेर कसा लागतो ते कधी ऐकलंच नव्हतं. किती निवांत आवाज, घरचं माणूस बोलल्यासारखा. या आवाजाने छत्री सापडली म्हटल्यावर कोण जागेवर बसून राहील?

आणि मग त्यांच्या उजव्या हाताला कुणीतरी येऊन उभं राहिलं. बाईंनी मान वळवली नाही. घाईघाईने आलेल्या माणसाची धाप ऐकू येत होती, आणि एवढ्या रणरणत्या उन्हात ओल्या लोकरीचा वास येत होता. तो माणूस कर्ण्यातली सूचना ऐकत होता. पुढचं वाक्य आपलं असेल, अशा आशेने ऐकत होता.

"छत्री नाही हो," बाई मोठ्याने म्हणाल्या. "छत्री कधी सापडलीच नव्हती. तुम्ही जा आता."

धाप थांबली नाही. गृहस्थ कुठेच गेले नाहीत. बाईंना भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. मोडक्या खुर्च्यांच्या ढिगाला धरून त्या तिथेच रडल्या.

घरी आल्या तेव्हा धाकटीने तोंडाकडे पाहिलं आणि साखरेचा डबा खाली ठेवला. बाईंनी सगळं सांगून टाकलं, उभ्या उभ्याच, हातात पिशवी तशीच. उठणाऱ्या माणसाचं तेवढं गाळलं. 

"झालं सांगून?" शेवटी धाकटी म्हणाली.

"झालं."

"मग मला कशाला सांगतेस? मी त्यांची बायको आहे का?"

 धाकटीने बाईंच्या हातातली पिशवी घेतली. "उद्या सकाळी आंघोळ करून, चार घास खाऊन जा. रिकाम्या पोटी गेलीस तर त्यांच्या दारात चक्कर येऊन पडशील, आणि मग तेच लोक तुझी सेवा करत बसतील. तेवढा तरी ताप देऊ नकोस त्यांना."

रविवारी सकाळी बाई पत्त्यावर पोचल्या. दुसरा मजला, अरुंद जिना, दारात पायपुसणं. चष्मेवालीने दार उघडलं आणि पुस्तक आलं असं वाटून ती हसली. आत खिडकीशी एका उंच पाठीच्या खुर्चीत तिची आई बसली होती. ऐंशीच्या घरातली, ताठ, डोळे जवळजवळ गेलेले. मांडीवरच्या ताटलीत वाटाणे होते आणि ती बोटांनी चाचपून सोलत होती.

"कोण आहे गं?"

"मी मैदानावरून आलेय," माईकबाई म्हणाल्या.

म्हातारीची बोटं थांबली. "हा आवाज मला माहितेय. वारा इकडचा असला की शनिवारी घरात येतो. मी खिडकी लावून घेते."

बाईंनी रात्रभर मनाशी जुळवाजुळव केली होती, कुठून सुरू करायचं, काय आधी सांगायचं. सगळं ऐन वेळी पळालं आणि तोंडातून भलतंच टोक आधी बाहेर पडलं. "त्यांनी हात केला ना, तो मला केला होता."

 म्हातारीने ताटली बाजूच्या स्टुलावर ठेवली.

"म्हणजे ती तू," ती म्हणाली. "तुला किती शिव्या घातल्यात मी, कल्पना आहे? रोज. दात घासतानासुद्धा. दिसतेस कशी, हे तेवढं कधी कळलं नाही, आणि आता कळायची सोय राहिली नाही. बस. आलीच आहेस तर बस."

"आई, थांब जरा," लेक म्हणाली. "यांचं ऐकून तरी घे."

बाई बसल्या आणि त्यांनी सांगितलं. छत्री विचारायला आलेला माणूस, व्यवस्थापकाने मागितलेलं वाक्य, धूर, तो हात, ती तीन मिनिटं. बटणावरच्या बोटाचंही सांगितलं, काहीही हातचं न राखता. लेक भिंतीला टेकून खाली बसली होती आणि तिने तोंडावर हात दाबून धरला होता. म्हातारीचा चेहरा मात्र हलला नाही.

"काय पुकारलं होतंस?"

"काळी छत्री, लाकडी मूठ..."

"असं नाही. पुकारलंस तसं म्हण."

बाईंनी मान खाली घातली, मग ताठ बसल्या, आणि त्या लहानशा खोलीत आपल्या मैदानावरच्या आवाजात म्हणाल्या, "काळी छत्री सापडली आहे. लाकडी मूठ, मुठीला तडा. ज्यांची असेल त्यांनी चार नंबरच्या दारापाशी यावं."

बराच वेळ म्हातारी स्वतःचीच बोटं चाचपत राहिली.

"ती माझ्या वडिलांची छत्री," ती म्हणाली. "त्यांच्यामागे माझ्याकडे तेवढीच राहिली होती. हे ती मैदानावर विसरून आले. मी ह्यांचं जगणं हराम केलं. त्या शनिवारी मी गिरणीत कामावर निघाले होते, हे दारात उभे. मी म्हटलं, छत्री मिळाल्याशिवाय या घरात पाऊल टाकायचं नाही."

"हे तू कधी बोलली नाहीस!" लेक म्हणाली.

"काय बोलू? हे त्या बाईकडे गेले असं धरलं की माझ्याकडे काही चूक उरत नव्हती. मी एकतीस वर्षं तेच धरून बसले." मग ती बाईंच्या आवाजाच्या दिशेने वळली. "चूक तुझीही आहे. एक बटण दाबायला तुझं काय जात होतं? मी माफ बिफ करेन या आशेने आली असशील तर चहा पी आणि जा."

"त्या आशेने नाही आले," बाई म्हणाल्या, आणि ते खरं होतं. "उद्या पुस्तक छापायला जाईल. त्यात हे सगळं लिहिते. माझ्या नावानिशी. त्यांचं नाव घालू का, एवढंच विचारायचं आहे."

 खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. लेक उठली, आईच्या खुर्चीपाशी येऊन उभी राहिली.

"म्हणजे हे घरीच यायला निघाले होते," म्हातारी हळूच म्हणाली. आणि मग इतकी वर्षं ठेवून दिलेलं रडू आलं तिला, तोंड वेडंवाकडं करणारं, लहान मुलासारखं. लेकीने तिचं डोकं पोटाशी धरलं. बाई हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. उठून जावं की थांबावं, त्यांना कळेना.

"घाल नाव," पदराने नाक पुसत म्हातारी म्हणाली. "पूर्ण घाल. आडनावासकट."

आता एवढं बोलून झालंच होतं. कुणालाच न सांगितलेलं तेही बाईंच्या तोंडून निघालं.

"ते अजून उठतात."

"कोण?"

"ते. मी माईकवर बोलले की जागेवरून उठतात आणि चार नंबरच्या दाराकडे निघतात. दर सामन्याला. काल मी खाली जाऊन उभी राहिले तर माझ्या शेजारी येऊन थांबले. छत्री नाही, जा, असं सांगितलं मी. पण माझं ऐकत नाहीत."

लेकीने बाईंकडे पाहिलं, दुकानात एखाद्याला मोठं अक्षरही दिसलं नाही की पाहावं तसं. म्हातारीने मात्र मान पुढे केली.

"हसतात?"

"हसतात. हात करतात."

"कोट कुठला?"

"राखाडी."

"तो उजव्या कोपराला फाटलाय. मी शिवून देते म्हटलं होतं." तिने मांडीवरचा पदर सारखा केला. "तुझं कसं ऐकतील? तुला ते ओळखतात कुठे. पुढचा सामना कधी आहे?"

"शनिवारी."

"मग शनिवारी माईकवर माझा निरोप सांग त्यांना. सगळ्यांदेखत सांग." तिने हात पुढे करून खिडकीची कडी चाचपली आणि खिडकी उघडली. "म्हणावं, तिने सांगितलंय, छत्री राहू दे. तसेच घरी या."